नवीन घरी जाताना पैशांच्या तारखा सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, दोन मुलं शाळेत आहेत. बरीच वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर कर्ज काढून स्वतःचं घर घेतलं आहे आणि तीन महिन्यांनी तिथे राहायला जायचं आहे. कागदावर हिशेब बसतो, तरी धाकधूक आहे. फर्निचरसाठी अडीनडीची ठेव मोडावी का, आणि जुन्या घराचं डिपॉझिट परत आलं की ते कर्जात भरावं का, असंही विचारलं आहे.

घरगुती जमाखर्चाचा सल्ला देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि तुमची धाकधूक मला रास्त वाटते. बिऱ्हाड हलवताना जी कुटुंबं कोंडीत सापडतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा एकूण हिशेब बरोबरच असतो. चुकतात त्या तारखा. जाणारे पैसे आधी जातात, येणारे मागाहून येतात, आणि मधल्या चार-सहा आठवड्यांत चांगला पगारदार माणूसही नातेवाइकांकडे उसने मागतो. त्यामुळे ‘एकूण खर्च किती येईल’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. कोणत्या आठवड्यात हातात किती उरेल, ते आधी बघू.

एक मोठा कागद घ्या. डावीकडे पुढच्या पाच महिन्यांचे आठवडे लिहा आणि शेजारी तीन रकाने आखा: येणार, जाणार, हातात उरणार. भरताना एक कडक नियम पाळा. जाणारी रक्कम ज्या तारखेला लवकरात लवकर मागितली जाऊ शकते, त्या तारखेला लिहायची. येणारी रक्कम उशिरात उशिरा ज्या तारखेला येईल, त्या तारखेला. आणि जिची खात्री नाही (बोनस, कुणाला दिलेले उसने पैसे, जुनं सामान विकून मिळतील असं वाटणारे पैसे) ती लिहायचीच नाही. आली तर आनंद आहे. मुलांच्या शाळेची फी, विम्याचे वार्षिक हप्ते, गाडीची देखभाल हे सगळंही त्याच कागदावर आलं पाहिजे. घर बदलायचं म्हणून बाकीचं आयुष्य थांबत नाही, आणि फीची तारीख नेमकी सामान हलवण्याच्या आठवड्यात येते हे कागदावर आल्याशिवाय लक्षात येत नाही.

आता तिसऱ्या रकान्यातला सगळ्यात लहान आकडा शोधा आणि त्याला गोल करा. पाच महिन्यांच्या शेवटी किती शिल्लक राहते त्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे. तो शून्याच्या आसपास असेल तर त्या आठवड्यात तुम्ही क्रेडिट कार्डाकडे वळणार हे नक्की समजा. कार्डाचं थकीत व्याज महिन्याला ३ टक्के असेल तर चक्रवाढीनं ते वर्षाला साधारण ४२.५ टक्के होतं. घराचं कर्ज अर्धा टक्का स्वस्त मिळावं म्हणून महिनाभर बँकांच्या चकरा मारणारी माणसं इथे डोळे झाकून पैसे घालवतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

गोल केलेला आकडा मोठा करायचे दोन मार्ग आहेत: काही देणी पुढे ढकलणं किंवा काही येणी अलीकडे आणणं. पुढचं सगळं बहुतेक त्याबद्दलच आहे.

सुरुवात दोन घरांच्या दुहेरी खर्चापासून करू. जुन्या घराचं भाडं आणि नव्या घराचा हप्ता काही काळ एकदम चालणार. हा काळ शून्यावर आणायचा प्रयत्न लोक हिरिरीनं करतात. भाडं संपण्याच्या दिवशीच सामान हलवायचं ठरवतात. मी याच्या विरोधात आहे. आठ-दहा दिवसांचं जादा भाडं हा ठरलेला, मोजता येणारा खर्च आहे. घाईचा खर्च मोजता येत नाही. रंग ओला आहे म्हणून सामान गोदामात ठेवावं लागतं, वीजजोडणी झाली नाही म्हणून चार माणसांना बाहेर राहावं लागतं, प्लंबर सांगेल तो दर द्यावा लागतो. आठ-दहा दिवस हातात ठेवा, पण महिना-दोन महिने ठेवू नका. ‘सावकाश जाऊ’ म्हणणाऱ्यांचं सावकाश फार लांबतं. आणि घर सोडण्याची नोटीस किती दिवस आधी द्यायची ते करारनाम्यात आजच वाचा. नोटीस तोंडी देऊ नका, लेखी द्या. नोटिशीचा काळ आणि ताबा मिळण्याची तारीख यांत मेळ नसेल तर मालकाशी आत्ताच बोला. तीन महिने आधी ऐकून घेणारा माणूस तीन दिवस आधी ऐकून घेत नाही.

डिपॉझिटबद्दल जरा तपशिलात सांगते, कारण तुमच्या हिशेबात ती मोठी रक्कम दिसते आणि तुम्ही ती सामान हलवण्याच्या महिन्यातच जमेला धरली असणार. ती तिथून खोडा. डिपॉझिट घर रिकामं केल्यावर, मालकानं पाहणी केल्यावर, शेवटची बिलं आल्यावर परत मिळतं आणि त्यातून काहीतरी कापलं जातंच. माझ्या कागदावर मी ते घर सोडल्यानंतर दोन महिन्यांनी आणि थोडं कमी करूनच लिहायला सांगते. पण एक मार्ग आहे: शेवटच्या एक किंवा दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या, असं मालकाला विचारा. जे पैसे मागाहून आले असते ते तुम्हाला आधीच मोकळे होतात. पुष्कळ मालक तयार होतात, फक्त हे लेखी हवं, संदेशात का होईना. न विचारता भाडं थांबवून टाकणं हा मार्ग नाही. त्यानं करार मोडतो आणि उरलेली रक्कमही अडकते.

कापाकापी कमी व्हावी म्हणून घर सोडताना रिकाम्या खोल्यांचा दिवसाउजेडी व्हिडिओ काढा. भिंती, नळ, खिडक्यांच्या कड्या, बाथरूमच्या फरश्या सगळं त्यात यायला हवं. वीज, पाणी, गॅसच्या मीटरचा आकडा तारखेसह फोटोत घ्या. किल्ल्या दिल्याची पोच घ्या. डागडुजी तुमच्या बाजूनं निघत असेल तर ती स्वतः करून देणं बहुधा स्वस्त पडतं. मालकानं करून पैसे कापले की त्याचा दर तो ठरवतो.

आता कर्ज. बँकेला लेखी विचारा: पहिला पूर्ण हप्ता कोणत्या तारखेला, त्याआधीच्या दिवसांचं व्याज वेगळं घेणार का, आणि व्याजदर बदलला तर हप्ता वाढतो की मुदत. कर्जाची रक्कम टप्प्याटप्प्यानं दिली जात असेल तर दिलेल्या रकमेवर व्याज आधीच सुरू झालेलं असतं आणि त्यातून मुद्दल एका पैशानंही कमी होत नाही. हे तुमच्या कागदावर आहे का, बघा.

हप्त्याच्या पोटात काय असतं तेही एकदा नीट पाहून ठेवा. १,००,००० चं कर्ज, ९ टक्के वार्षिक दर, २० वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता ९०० च्या किंचित आत येतो. पहिल्या महिन्यात त्यातले ७५० व्याजाचे आणि जेमतेम १५० मुद्दलाचे. वीस वर्षांत एकूण भरणा सुमारे २,१६,००० होतो. दर अर्ध्या टक्क्यानं वाढला तर हप्ता सुमारे ९३२ होतो; हप्ता तोच ठेवायचा म्हटलं तर मुदत जवळपास २९ महिन्यांनी लांबते. त्यामुळे बदलत्या दराचं कर्ज असेल तर दर एक टक्क्यानं वाढला तरी घर चालेल का, हे सामान हलवण्याआधी तपासा. तुमचं कर्ज जितके लाख असेल त्यानं यातल्या रकमा गुणा म्हणजे स्वतःचं चित्र दिसेल.

नव्या घराचा महिन्याचा खर्च म्हणजे फक्त हप्ता, असंही धरू नका. देखभाल शुल्क, मालमत्ता कर, पार्किंग, वाढलेलं वीजबिल, बदललेला जाण्यायेण्याचा खर्च हे भाड्याच्या घरात एकतर नव्हतं किंवा कमी होतं. कार्यालय लांब पडणार असेल तर एका दिवसाचा प्रवास दोघांसाठी मोजा आणि महिन्याच्या कामाच्या दिवसांनी गुणा. मुलांची शाळेची बस, पाळणाघराची वेळ वाढली तर त्याचे पैसे, हेही आलंच. भाड्याच्या घरात गळका नळ मालकाचा असतो, आता तो तुमचा. दुरुस्तीसाठी दर महिन्याला थोडी रक्कम वेगळी काढायची सवय पहिल्या महिन्यापासून लावा.

एवढं मोजलं की तुमच्या हातात दोन आकडे येतील: आजचा महिन्याचा खर्च आणि नव्या घरातला. या दोन्हींतला फरक या महिन्यापासूनच वेगळ्या खात्यात टाकायला लागा, जणू तुम्ही तिकडे राहतच आहात. मी प्रत्येक कुटुंबाला हे करायला सांगते आणि बरेच जण कुरकुरतात. पण याचे दोन फायदे आहेत. तीन महिन्यांत त्या खात्यात सामान हलवण्याच्या खर्चाचा बराच भाग जमतो. आणि दुसऱ्याच महिन्यात तुम्हाला त्यातून पैसे परत काढावे लागले, तर नवं घर आपल्या मिळकतीला जड जाणार आहे हे ताबा घेण्याआधी कळतं. तेव्हा कर्जाची मुदत वाढवून घेणं, एखादी बचत योजना तात्पुरती थांबवणं, गाडीचं कर्ज आधी फेडणं असे उपाय हातात असतात. राहायला गेल्यावर यातले अर्धे उरत नाहीत.

घर हलवण्याचा सगळा खर्च याच वेगळ्या खात्यातून करा. रोजच्या खात्यातून केला की किराणा कुठला आणि पडद्याचे दांडे कुठले, याचा पत्ता लागत नाही. दोघांनी मिळून एक रक्कम ठरवा; तिच्यावरचा कुठलाही खर्च एकमेकांना विचारल्याशिवाय करायचा नाही, तिच्या खालचा करायला कुणाची परवानगी लागणार नाही. यानं भांडणं किती वाचतात ते सांगून पटणार नाही.

ठेव मोडावी का? फर्निचरसाठी, नाही. तुमची गंगाजळी आपोआपच आक्रसणार आहे, हे लक्षात घ्या. समजा आज घरखर्च आणि देणी मिळून महिन्याला ४० जातात आणि तुमच्याकडे २४० बाजूला आहेत, म्हणजे सहा महिन्यांची सोय. नव्या घरात तोच खर्च ६० झाला तर तेवढ्याच ठेवीत चार महिनेच निघतील. एक पैसाही न उचलता दोन महिन्यांची सुरक्षितता गेली. वर कर्ज डोक्यावर असताना नोकरीतला खंड पूर्वीपेक्षा जास्त महागात पडतो. म्हणून ठेवीला हात लावायचा तो ताबा अडत असेल किंवा राहणंच अशक्य असेल तेव्हा. सोफा या दोन्हींत बसत नाही.

फर्निचरबद्दल माझं मत जरा हट्टी आहे. पहिले तीन महिने झोपायची सोय, स्वयंपाक, पाणी, दिवे, कुलूप आणि पडदे एवढंच घ्या. राहिल्याशिवाय कळत नाही की ऊन कुठून येतं, मुलं अभ्यासाला कोणत्या कोपऱ्यात बसतात, कोणती खोली रिकामीच बरी. ताबा मिळण्याआधी नकाशा बघून घेतलेल्या मोठ्या वस्तूंपैकी काही हमखास चुकीच्या निघतात. जे न्यायचं आहे त्याची आणि नव्या घराच्या दारांची, जिन्याच्या वळणांची, लिफ्टची मापं टेपनं घ्या. कपाट आत जात नाही हे सामान उतरवताना कळणं महाग पडतं.

‘बिनव्याजी हप्ते’ दिसले की थांबा आणि दुकानदाराला रोखीची किंमत विचारा. १०० ची वस्तू रोखीनं ९० ला मिळत असेल आणि तुम्ही १०० हे १२ मासिक हप्त्यांत भरणार असाल, तर ते कर्ज वर्षाला सुमारे २० टक्क्यांचं झालं, घराच्या कर्जाच्या दुपटीहून जास्त. शिवाय घराच्या कर्जाचा शेवटचा टप्पा बँकेकडून सुटेपर्यंत नवं कुठलंही कर्ज, नवं कार्ड, कुणाला जामीन राहणं टाळा. रक्कम देण्याआधी बँक तुमची देणी पुन्हा तपासू शकते आणि त्या क्षणी एक छोटा हप्ताही अडचण करतो.

काय न्यायचं आणि काय विकायचं? सामान हलवण्याचा दर आकारमान, अंतर आणि मजले यांवर ठरतो. वस्तूची किंमत काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणून मोठ्या, जड आणि स्वस्त वस्तू आधी तपासा. इथे विकून तिकडे तशीच वापरलेली वस्तू घेणं स्वस्त पडत असेल तर विका. पण आत्ता, तीन महिने आधी. शेवटच्या आठवड्यात समोरच्याला तुमची निकड दिसते आणि भाव पडतो.

सामान हलवणाऱ्यांकडून दर घेताना त्यांना घरी येऊन सामान बघायला सांगा, फोनवरचा आकडा धरू नका. किमान तिघांकडून लेखी दर घ्या आणि त्यात पॅकिंगचं साहित्य, जिन्यानं चढवणं, गाडी उभी राहिली तर थांबण्याचे पैसे, पलंग-कपाट सुटं करून पुन्हा जोडणं, हे सगळं धरलं आहे का ते विचारा. सगळ्यात कमी दर देणारा बहुतेक वेळा यातलंच काहीतरी गाळून देतो. महिनाअखेर आणि सुट्टीच्या दिवशी मागणी जास्त असते. महिन्याच्या मधला कामाचा दिवस सोयीचा. पूर्ण रक्कम आधी देऊ नका, शेवटचा भाग सामान उतरवून मोजल्यावर. प्रवासातल्या नुकसानीचं विमासंरक्षण घेत असाल तर तुम्ही स्वतः भरलेली खोकी त्यात येतात का, हे नक्की वाचा. पुष्कळ ठिकाणी ती वगळलेली असतात. दागिने, रोख आणि मूळ कागदपत्रं मात्र कुणाच्याही गाडीत द्यायची नाहीत, ती तुमच्याबरोबर.

या सगळ्यावर १० ते १५ टक्के जादा धरा आणि त्याला नाव देऊ नका. नाव दिलं की तो आधीच खर्च होतो. पहिल्या पंधरवड्यात थकव्यापोटी बरेच पैसे जातात: बाहेरचं जेवण, खोक्यात सापडत नाही म्हणून पुन्हा घेतलेला चार्जर, दुसऱ्यांदा बोलावलेला इलेक्ट्रिशियन. हे टाळता येत नाही, त्यासाठी जागा ठेवता येते.

घरातल्या सामानाचा विमा पत्त्याशी जोडलेला असतो. पहिली वस्तू नव्या घरात ठेवाल त्या दिवसापासून तो तिथे लागू असायला हवा. तुम्ही राहायला कधी जाणार, त्याची वाट बघू नका. पत्ता बदलताना बँक, विमा कंपनी, कर खातं, तुम्ही नोकरी करता ती कंपनी, वाहन नोंदणी या क्रमानं जा. नवं कार्ड किंवा चेकबुक जुन्या पत्त्यावर पोचणं ही सरळ सरळ जोखीम आहे. जुन्या घराच्या इंटरनेट, वीज वगैरेंच्या आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा शेवटचं बिल भरेपर्यंत चालू ठेवा, मग स्वतः बंद करा आणि पुढचे दोन महिने खात्याचा उतारा तपासा.

राहिला डिपॉझिटचा प्रश्न. कर्जात भरावंसं वाटतं ते चुकीचं नाही. वरच्याच उदाहरणात मुद्दलाच्या ५ टक्के, म्हणजे ५,००० सुरुवातीलाच जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर साधारण ३० हप्ते वाचतात. लवकर भरलेल्या पैशाची ताकद एवढी असते. तरीही माझा क्रम असा: डिपॉझिट हातात आलं की आधी कार्डावर काही थकलं असेल ते पूर्ण फेडा. मग गंगाजळी नव्या खर्चाच्या हिशेबानं पुन्हा सहा महिन्यांवर आणा. कर्जात भरलेले पैसे अडचणीच्या वेळी बँक सहजासहजी परत देत नाही, म्हणून हा टप्पा ओलांडायचा नाही. त्यानंतर जे उरेल त्यातून तीन महिने तिथे राहून केलेल्या यादीतलं फर्निचर, आणि बाकी कर्जात. भरताना बँकेला लेखी कळवा की हप्ता तोच राहू द्या आणि मुदत कमी करा. आणि तसं झालं की नाही ते पुढच्या महिन्याच्या कर्जखात्याच्या उताऱ्यात बघा.